डावा मडगार्ड

कतीफ, सौदी अरेबिया, ६ जानेवारी २०२५

ती. शरीफाआपास ताजुद्दीनचा सलाम, वि. वि.

चार महिने पत्र नाही, माफ कर. फोनवर बोललो की कॅम्पातले सगळे कान टवकारतात, म्हणून अडचण कागदावर.

आमच्या वर्कशॉपमध्ये १९६५ची लॅम्बोर्गिनी आली आहे. कंपनी आधी ट्रॅक्टर करायची, स्पोर्ट्स कार नंतर. त्या पहिल्या गाड्यांचा ॲल्युमिनियमचा पत्रा मिलानच्या कारागिरांनी हाताने ठोकलेला. हिचा डावा मडगार्ड चेपला होता. उजव्याचं माप उलटं करून मी तीन आठवड्यांत नवा घडवला, पण तो दाराशी जुळत नाही, फट राहते. फोरमन म्हणतो, दार घास. जुन्या दाराला कानस लावायला हात धजत नाही. हा प्रामाणिकपणा की नुसता हट्ट, मलाच कळेना. फेब्रुवारीच्या सुरुवातीला इटलीहून तपासनीस येणार. गाडी नापास झाली तर कफील, म्हणजे ज्याच्या नावावर माझा व्हिसा आहे तो मालक, मला घरी पाठवणार, तसं त्याने स्पष्ट सांगितलंय.

तुझा,
ताजू

दाभोळ, १३ जानेवारी

चि. ताजूस अनेक दुआ.

डिप्लोमा घेतलास, अक्कल मात्र माझ्या शिलाई मशीनपाशी विसरलास. कुणाचे दोन खांदे सारखे असतात? मी दोन्हीकडे एकच माप लावलं तर गिऱ्हाईक शेरवानी माझ्या तोंडावर फेकेल. हाताने घडलेली गाडी तरी दोन्हीकडे सारखी कशी असेल? दार जुनं आहे ना, मग दाराचं माप घे. उजवीकडे बघूसुद्धा नकोस.

तुझी भाची कुबरा विचारते, त्या गाडीने नांगरता येतं का.

जेवत जा, आणि आमची आठवण पातळ होऊ देऊ नकोस.

शरीफा

कतीफ, २ फेब्रुवारी

ती. आपास सलाम, वि. वि.

जिंकलो. पहिला मडगार्ड भंगारात टाकला, दाराच्या कडेवरून कागदी साचा कापला आणि पुन्हा ठोकायला बसलो. या वेळी दार लागलं ते हलक्या आवाजात, फट कुठे नाही. आज तपासनीस बाईंनी दोन्ही बाजूंवरून तळहात फिरवला आणि मलाच विचारलं, यातला नवा कुठला.

गप्प राहिलो असतो तर खपलं असतं. क्षणभर मोह झालाही, तुझ्यापासून कशाला लपवू? मी डावा दाखवला. त्या हसल्या आणि गाडीच्या इतिहासाच्या वहीत लिहिलं: डावा मडगार्ड, २०२५, ताजुद्दीन, दाभोळ. साठ वर्षांच्या त्या वहीत आपलं गाव, आपा! फोरमनने साऱ्या वर्कशॉपला चहा पाजला. कफीलने आणखी दोन वर्षं ठेवून घेतलंय.

रागावत राहा, लिहीत राहा.

तुझा,
ताजू

ता. क. ती नोंद अर्धवट आहे, हे आत्ता लक्षात आलं. उद्या: बाई विमानतळाला निघण्याआधी त्यांना गाठून, माझ्या नावाआधी तुझं नाव लिहून घेणे.