उंबऱ्याजवळच्या खुणा

१४ नोव्हेंबर

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. अठ्ठेचाळीस वर्षांच्या, चष्मा लागलेल्या माणसाला बारक्या म्हणू नये हे मलाही कळतं. पण कागदावर दुसरं काही उमटेना, तेव्हा गोड मानून घे. मी बरी आहे. गुडघे कुरकुर करतात, पण ऐकतात. तुझं वर्षाचं कार्ड मिळालं. त्यात नेहमीप्रमाणे तीन ओळी होत्या. तुझ्या बायकोने सोबत फोटो घातला नसता, तर मी तुला रागावूनच लिहिलं असतं.

मेंढ्या आता नऊच उरल्यात. दावणीला एक गाय आहे, ती मला मोलकरीण समजते. कोंबड्या मी बंद केल्या.

गेल्या आठवड्यात सुतार आला होता. गोठ्याचं दार खाली बसलंय, चौकट वाळवीने खाल्लीय, तेव्हा नवीच बसवू म्हणाला. मी बरं म्हटलं आणि चहा टाकायला गेले. परत येऊन पाहते तर त्याने डावी बाजू उखडली होती आणि उजवीला पहार लावली होती. मी अशी ओरडले की बिचाऱ्याच्या हातातून पहार पडली. "बाई, नुसतं कुजकं लाकूड आहे," म्हणाला. त्याला काय सांगणार? डावीकडे बाबा कोकरांच्या खांद्याची उंची नोंदवायचे आणि उजवीकडे आपली. तुझी आणि माझी, दर सहा महिन्यांनी, पेन्सिलीने. कोकरांची बाजू गेली. आपली मी वाचवली.

मग तिथेच उंबऱ्यावर बसून राहिले. बाबांचं जेवताना चालायचं ते सगळं आठवलं. ससा आठवड्यात जन्मवजनाच्या दुप्पट होतो, कोकरू पंधरवड्यात, वासरू दीड महिन्यात. "आणि माणसाचं पोर?" असं विचारून ते तुझ्याकडे बघायचे. तू तोंडातला घास न गिळताच म्हणायचास, "सहा महिने!" आई म्हणायची, त्याला जेवू द्या, नाहीतर त्याला सहा वर्षं लागतील. सगळे हसायचे. तूही हसायचास, पण कान लाल व्हायचे तुझे. मी बघायचे ते.

त्यांचं दुसरं आवडतं म्हणजे दोन कोकरांची गोष्ट. एकाच गव्हाणीत, एकाच चाऱ्यावर दोन कोकरं वाढवा. लहान जातीचं चार महिन्यांत गुबगुबीत होतं आणि तिथेच थांबतं. मोठ्या जातीचं तेव्हा नुसतं हाडं आणि पाय दिसतं, पण वर्षभर वाढतच राहतं. चारा पोट भरतो, अंगात किती वाढ आहे ती आई-बापाकडून आलेली असते. हे त्यांनी शंभर माणसांना समजावलं असेल.

आता मुद्द्यावर येते. तीन पानं मी यापूर्वी फाडून टाकलीत.

तुझा ढब्बू आठवतो? जुळ्यातलं दुबळं कोकरू, अडीच किलोचं. त्याच्या आईने त्याला जवळ घेतलं नाही, म्हणून तू बाटलीने वाढवलंस. शंभराव्या दिवशी बाबा तापाने फणफणले होते, म्हणून वजनं आपण दोघांनी केली. तू चौदाचा, मी सतराची. तू झोळीत कोकरू टांगून स्प्रिंगचा काटा वाचायचास, मी कार्डावर लिहायचे. पंचविसाच्या आतली कोकरं खाटकाच्या गाडीत जायची. ढब्बूच्या वेळी तू काट्याकडे कितीतरी वेळ बघत राहिलास. मग म्हणालास, "बावीस." खरा आकडा सांगितलास.

मी सव्वीस लिहिले.

तुला वाटलं असेल, ताईने आपल्यासाठी केलं. तुझ्यासाठीच केलं रे. गाडीतून वाचवायचं, एवढंच डोक्यात होतं. पण बाबा नुसतं वजन बघत नसत, शंभर दिवसांत भर किती पडली ते बघत. जन्माला अडीच आणि शंभराव्या दिवशी सव्वीस, म्हणजे सगळ्या कळपात ढब्बूचीच भर जास्त! दुसरी कोकरं जन्मालाच चार-साडेचार किलोची होती, त्यांची भर मागे पडली. जुना मेंढा त्याच वर्षी गेला होता. बाबा अंथरुणातून उठले, कार्डं बघितली आणि ढब्बूला पैदाशीसाठी ठेवला. तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. उद्या सांगू म्हटलं. त्या उद्याला चौतीस वर्षं झाली.

पुढचं तुला माहीत आहे. दोन वर्षांत निम्मा कळप बुटका झाला. चार महिन्यांत गोल आणि मग ठप्प. शेजाऱ्याचा ठेंगणा मेंढा कुंपण ओलांडून आला होता, तोच ढब्बूचा बाप, हे फार उशिरा कळलं. लांबून आलेली दोन गिऱ्हाइकं, आपल्याकडून विकत नेलेले मेंढे परत करायला अंगणात उभी होती. बाबांनी ढब्बूचं जुनं कार्ड तुझ्यासमोर धरलं. "काटा तू वाचला होतास. लाडका होता ना तुझा?" मग त्या परक्या माणसांसमोर ते म्हणाले, "ज्याला स्वतःला वाढता आलं नाही, त्याला वाढ काय कळणार!"

तू एकदाच माझ्याकडे बघितलंस. मी खाली मान घालून उभी होते. वीस वर्षांची घोडी होते मी, आणि माझ्या तोंडून एक शब्द निघाला नाही. आठवड्याने तू घर सोडून गेलास. तू माझं नाव का घेतलं नाहीस, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारायची लाज वाटत होती.

सोमवारी मी बाबांना सगळं सांगितलं.

त्र्याऐंशीचे झालेत. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय, फार तर हा हिवाळा. पण डोकं लख्ख आहे. ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याने किती वाचलं होतं?"

"बावीस."

"म्हणजे बरोबर वाचलं होतं."

मग दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी वाढलेलं ताट त्यांनी बाजूला सारलं आणि ते गड्याच्या हातून जेवले. तुझ्या वाट्याला आलं ते माझं होतं, ते आत्ता कुठे माझ्याकडे आलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, गोठ्यात ने. हाताला धरून नेलं. चौकटीवरची तुझी सतराव्या वर्षीची खूण त्यांनी बोटाने चाचपली. माझ्या खुणेच्या वीतभर खाली आहे ती. मग खिशातून तुझा फोटो काढला. तो मला न विचारता माझ्या कपाटातून कधी घेतला कोण जाणे. त्यात तू तुझ्या दारात उभा आहेस आणि डोकं चौकटीला लागायला चार बोटंच कमी आहेत.

"मामावर गेला," म्हणाले. "तोही विशीनंतर उंच झाला. उशिरा वाढणाऱ्याला थांबून बघायचं असतं, हे मी जन्मभर लोकांना मेंढ्यांबद्दल सांगितलं." मीच नाक पुसलं, त्यांचंही आणि माझंही. परत येताना मात्र म्हणाले, "सुताराला सांग, ती बाजू इतक्यात काढू नको. एक खूण राहिलीय."

माफी त्यांना मागता येत नाही, हे तुला माहीत आहे. मला येते. बारक्या, माझं चुकलं. पोरवयात चुकलं ते एकदा, आणि नंतर गप्प बसून रोज चुकलं. तू रागावलास तर रागाव, पण इथे येऊन रागाव. सुताराला मी महिनाभराने बोलावलंय. बाबांना तेवढं थांबायला मी सांगितलंय, ते मान हलवतात.

येताना बायकोलाही आण. फोटोबद्दल तिचे आभार मानायचेत. दारातून वाकून आत ये, चौकट जुनीच आहे आणि तू आता मावायचा नाहीस. बाबा पट्टी धरतील. आकडा तूच वाच, मोठ्याने.

या वेळी तू सांगशील तोच लिहिणारी,
तुझी ताई