थोरलीची जागा

थ्योलो,
१८ मे

प्रिय फायनेस ताई,

इथे सगळे ठीक आहेत. तूही ठीक असशील असं धरून लिहिते.

थंडी सुरू झाली. सकाळी चहाच्या मळ्यांवर धुकं बसलेलं असतं आणि उन्हाला यायला उशीर होतो. कारखान्यात पानाची आवक कमी झाली, म्हणजे आता बॉयलर थंड करून उघडायचे दिवस आले. आईचे गुडघे दुखतात, पण चर्चमध्ये तिचा आवाज अजून सगळ्या बायकांच्या वर जातो. यांखोची आजी म्हणून अर्धं गाव तिला आगोगो म्हणतं. आता मीही तेच म्हणते, म्हणून पत्रातही तसंच लिहिते. वायसनदादाने त्याच्या भाड्याच्या सायकलीला मागे नवी गादी लावली आहे आणि गिऱ्हाइकांना सांगतो, ही गादी विमानातली आहे.

हे पत्र बसचे ड्रायव्हर मक्वाक्वा तुला जोहान्सबर्गच्या स्टँडवर देतील. सोबत सुकवलेल्या मासळीची पिशवी आहे. ती आगोगोने बांधली आहे. तिच्यात मिरच्या किती टाकल्यात ते मला विचारू नकोस.

पत्र अशासाठी, की फोनवर आपल्या दोघींना बोलता येत नाही. तू रडतेस आणि मी यांखोच्या कोपराचा कोन किती अंशांचा झाला ते सांगते.

आता यांखोबद्दल.

तिची मान मोकळी झाली आहे. उजवा कान खांद्याकडे ओढला जायचा, ते थांबलं. झाडावर आंबा आहे की नाही हे आता ती स्वतः वर बघून सांगते, आणि नसला तरी आहे म्हणते. छातीवरची भाजलेली कातडी अजून जाड आहे. रात्री खाजते, म्हणून झोपण्यापूर्वी आम्ही व्हॅसलिन लावून ती चोळतो. एक दिवस आगोगो, एक दिवस मी. आगोगो चोळताना गाते. मी गात नाही, म्हणून माझ्या पाळीला यांखो तक्रार करते. "तुझा हात मुका आहे," म्हणाली परवा. हे तिला कोणी शिकवलं माहीत नाही. वायसनदादानेच असेल.

कोपर जवळजवळ सरळ होतं. हॉस्पिटलातली हात सरळ ठेवायची पट्टी तिला लहान झाली, तेव्हा मी कारखान्यात उरलेला पाण्याचा पाइप उभा कापला, गरम करून मऊ केला आणि तिच्या हाताच्या मापाने वळवला. कडा घासून घेतल्या, आत कापूस लावला. व्यायाम शिकवणाऱ्या नाझोम्बेबाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि मनगटापाशी थोडा सैल करायला सांगितला. त्यांचं बरोबर होतं. आता तो रोज वापरतो. तो लावला की हात पुढे ताठ राहतो. वायसनदादा तिला सायकलीवर पुढे बसवतो आणि बाजारातून ओरडत जातो, "बाजूला व्हा, ट्रॅफिक पोलीस आले!" भाजीवाल्या बायका खरंच थांबतात, सलाम करतात. पूर्वी त्या तिला पाहून तोंड फिरवायच्या किंवा चुकचुकायच्या. हे काम कोणत्याही औषधाने झालं नसतं.

उजव्या हाताच्या बोटांचं मात्र अर्धंच झालं आहे. अंगठा आणि पहिलं बोट चालतं. उरलेली तीन बोटं तळव्याकडे मिटलेली आहेत. नाझोम्बेबाईंनी चिमटीत धरायला बाटलीची झाकणं दिली, रबराचा चेंडू दिला. यांखो ते सगळं कोंबड्यांकडे फेकते. फेकते डाव्या हाताने.

गेल्या महिन्यात परदेशातले एक सर्जन हॉस्पिटलात आले होते. नाझोम्बेबाई त्यांचं बोलणं आम्हाला सांगत होत्या. मला इंग्रजी येतं, पण आगोगोला अध्येमध्ये बोलायचं असतं.

"मुलीची आई कोण?" त्यांनी विचारलं.

आगोगोने माझ्याकडे बोट केलं. "ही."

त्यांनी लिहून घेतलं. मग मला विचारलं, मूल दिवस भरून झालं का, जन्मताना वजन किती होतं. मी म्हटलं, मला माहीत नाही, मी तेव्हा तंत्रनिकेतनात शिकत होते.

त्यांनी चष्मा काढला. "पण तुम्ही आई ना?"

"हो. धाकटी."

"म्हणजे हिच्या वडिलांना दोन बायका आहेत?"

नाझोम्बेबाईंना इतकं हसू आलं की त्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "काय म्हणाला तो? मलाही सांगा की," आगोगो मागे लागली. सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला. "अगं बाई! त्या मेल्याला एक सांभाळता आली नाही, दुसरी कुठून करतोय! आणि याला विचारा, आमच्यात आईची बहीण म्हणजे आईच, यांच्यात तिला काय म्हणतात? पाहुणी?"

सर्जनही हसले. चांगला माणूस आहे. त्यांनी आधीचं खोडलं आणि पुन्हा लिहिलं. मग विचारलं, "आणि थोरली कुठे आहे?"

नाझोम्बेबाईंनी ते आम्हाला सांगितलं नाही. मला कळलं होतंच, आगोगोलाही कळलं असावं. ती पांघरुणाची घडी घालायला लागली. घडी घातलेलीच होती.

मी सांगितलं, कामाला गेली आहे, जोहान्सबर्गला. हे खरं आहे.

त्यांचं म्हणणं असं: जुलैत, थंडी आहे तोवर, तीन बोटं सोडवायची. मांडीची कातडी काढून तिथे लावायची. पुढे काही आठवडे हात बांधून ठेवायचा. त्या काळात मुलीजवळ सतत कोणीतरी तिचं माणूस हवं. तिने हात ओढला, पट्टी सोडली, तर सगळं वाया जाईल आणि बोटं पुन्हा मिटतील. एका बाईने होणारं हे काम नाही, असं ते म्हणाले. मग नाझोम्बेबाईंना म्हणाले, "त्यांना सांगा, त्यांच्याकडे दोन आया आहेत. मला दोन्ही लागतील."

तुला वॉर्ड माहीत आहे. खाटेखाली जमिनीवर झोपावं लागतं. आगोगोचे गुडघे ते सहन करणार नाहीत, आणि ती नाही म्हणणार नाही. जुलैत आमचे बॉयलर उघडे असतात, तपासणीला माणसं येतात, सही माझी लागते. मी रविवारी जाऊ शकते. दादा रोज डबा नेईल, पण बायकांच्या वॉर्डात त्याला राहू देत नाहीत.

इथपर्यंत सगळं लिहायला सोपं होतं.

ईस्टरच्या दिवशी तू फोन केलास. यांखो मागे काहीतरी दाखवत होती आणि ओरडली, "आई, हे बघ!" तू विचारलंस, कोणाला हाक मारली. मी म्हटलं, मला. तू म्हणालीस, "बरं झालं. राहू दे तिला तुझ्याकडेच." आणि फोन ठेवलास. त्यानंतर तुझा फोन नाही.

ताई, तू तीन मावश्यांच्या हाताखाली वाढलीस. तू प्रत्येकीला आई म्हणायचीस. तेव्हा कोणाची जागा कोणी घेतली होती? यांखोला मी पहिल्यापासून "धाकटी आई" म्हणायला शिकवलं. ती पहिला शब्द खाते, कारण तिला घाई असते. मी दर वेळी म्हणते, "धाकटी." ती म्हणते, "हो, तीच," आणि पळते. आगोगो मला हसते. म्हणते, पोर आई म्हणतंय तर हिला दाखला हवा. पण मी तो शब्द सोडत नाही. धाकटी म्हटलं की थोरली कुठेतरी आहे, हे त्यातच येतं. ती जागा मी राखून ठेवली आहे.

पूर्ण खरं लिहायचं तर, तुझ्या त्या फोननंतर काही दिवस मी तिला दुरुस्त केलं नाही. ती "आई" म्हणाली आणि मी "ओ" दिली. मला बरं वाटलं. तू येऊ नयेस असंही वाटलं. ते अजून पूर्ण गेलेलं नाही. तू येशील तेव्हा ते माझ्या तोंडावर दिसेल कदाचित, म्हणून आधीच सांगून ठेवते. त्याकडे लक्ष देऊ नकोस.

आणि तू तेव्हा वॉर्डातून उठून जोहान्सबर्गला का गेलीस तेही मला माहीत आहे. ड्रेसिंगच्या वेळी ती तुला पाहून किंचाळली. तुला वाटलं, हिला आठवतंय. ती ट्रॉलीच्या चाकांचा आवाज ऐकून किंचाळायची. तू गेल्यावर ती मला पाहून किंचाळली, आगोगोला पाहून किंचाळली, पाद्रीबाबांना पाहून तर तिने चावा घेतला. ट्रॉली गेली की ज्याच्या मांडीवर असेल त्याच्याच खांद्यावर झोपायची. एवढं पाहायला तू थांबली नाहीस.

ती भाजली त्या सकाळबद्दल आपण कधी बोललो नाही. तू सगळ्यांना सांगितलंस की तू भांडं नीट धरलं नव्हतंस. मी तेव्हा नळाजवळ होते. मी पाहिलं, आणि तुला कधी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नाहीस आणि न विचारता मी बोलत नाही. तू पेजेचं भांडं चुलीवरून उचललंस, तुझ्या कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेच्या मोकळ्या टोकाने, जसं आपण सगळ्याच उचलतो. दुसरं टोक यांखोच्या मुठीत होतं. ती चालायला शिकली तीच तुझं चितेंजे धरून. तू वळलीस, कापड ताणलं गेलं, भांडं तिच्याकडे झुकलं. तू भांडं सोडलं नव्हतंस. तुझे हात किती भाजले होते ते मी पाहिलं आहे.

कारखान्यात अपघात झाला की आधी विचारतात, कोणी काय धरलं होतं. मला अहवाल लिहायला सांगितला असता तर मी एवढंच लिहिलं असतं: आईने भांडं धरलं होतं आणि मुलीने आईला.

त्यानंतर मी घरात नियम केला. चुलीजवळ चितेंजे नाही. मी स्वतः कारखान्याच्या पँटमध्ये स्वयंपाक करते, भांडं उचलायला चामड्याचे हातमोजे वापरते. आगोगो पंधरवडाभर माझ्याशी बोलली नाही. शेजारच्या बायकांना म्हणायची, "आमच्याकडे सून नको, जावई नको, मेकॅनिक आहे. मक्याच्या पिठाची न्सिमासुद्धा पान्याने ढवळते." मी नियम बदलला नाही. नियम बरोबर आहे.

गेल्या रविवारी चर्चला जायचं होतं, म्हणून मी चितेंजे नेसले होते. माझं धुवून वाळत होतं, म्हणून खुंटीवरचं तुझं घेतलं, पिवळं, पक्ष्यांचं. निघायच्या आधी यांखोच्या आंघोळीचं पाणी उतरवायचं राहिलं होतं. मी हातमोजे घातले, भांडं उचललं, आणि मागे ओढ लागली.

मी भांडं जागच्या जागी परत चुलीवर ठेवलं. मग खाली पाहिलं. तिने टोक धरलं होतं. उजव्या हाताने. अंगठा, पहिलं बोट, आणि मधलंही. मधलं बोट कापडाभोवती वळलं होतं आणि पुन्हा उघडत होतं. नाझोम्बेबाईंच्या कोणत्याही चेंडूने ते केलं नव्हतं.

आगोगो दारात होती. ती ओरडेल असं मला वाटलं. तिने तोंडावर हात ठेवला होता. मग हळूच म्हणाली, "हलू नकोस गं."

मी हलले नाही. यांखो पक्षी मोजत होती. तिला दोनपर्यंतच येतं, म्हणून एक, दोन, एक, दोन असं. चर्चची घंटा होऊन गेली. चुलीतली लाकडं विझली, पाणी गार झालं, आणि दादा बाहेरून सायकलची घंटा वाजवत राहिला. तिने आपणहून सोडलं तेव्हा कापडावर तिच्या मुठीची चुणी राहिली होती.

"हे कोणाचं?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "थोरल्या आईचं."

"ती कुठे आहे?"

आगोगोने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "येते आहे."

मी खोटं बोलत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून ते आता तुला खरं करायचं आहे. मक्वाक्वांची बस जूनअखेरीस पुन्हा तिथून निघेल. त्यांना मी सांगून ठेवलं आहे, पुढची खिडकीजवळची जागा ठेवा. चितेंजे धुतलेलं नाही. परत खुंटीवर टांगलं आहे.

येताना उबदार काहीतरी आण. वॉर्डातली जमीन गार असते.

तुझ्या मुलीची
धाकटी आई,
एनेलेसी