सवाष्ण एक वाजता जेवते

राजापेठ, अमरावती
८ ऑक्टोबर २०२५

प्रिय आचल,

अनेक आशीर्वाद. काकांना नमस्कार सांग. वॉकर धरून ते आता अंगणापर्यंत जातात, हे परवा त्यांनीच मला फोनवर सांगितलं. सांगायच्या आधी विचारलं, "जेवली का माय?" हल्ली त्यांचा फोन असाच सुरू होतो. मी हो म्हणते आणि घाईघाईने दुसरा विषय काढते.

इकडे सगळे ठीक आहेत. खालच्या ट्यूशनची पोरं रोज आमच्या जिन्यापुढे गाड्या लावतात आणि मी रोज त्यांच्याशी भांडते, त्यावरून माझी तब्येत ओळख. कोजागिरीला गच्चीवर सगळ्या बिऱ्हाडांनी मिळून दूध आटवलं. तुझे नितेशभाऊजी तीन पेले प्यायले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पोट धरून बसले. तू असतीस तर त्यांची चांगली फिरकी घेतली असतीस.

फोन असताना ताईला पत्र लिहायचं काय सुचलं, असं तुला वाटेल. एक तर पार्सल पाठवायचंच होतं. त्यात साडी आहे, काकांनी टिळक रोडवर स्वतः जाऊन घेतलेली, जांभळी, हिरव्या काठाची. ती परत का पाठवते आहे ते पुढे लिहिते. दुसरं म्हणजे फोनवर तू लगेच "जाऊ दे ना ताई" म्हणतेस, आणि मी खरंच जाऊ देते.

तुझा रविवारचा मेसेज कितीदा वाचला असेन. "नागपूरला नाही म्हणून कळवून टाकते. ज्या पोरीला बापाला वेळेवर दोन घास द्यायचं सुचलं नाही, तिनं त्याला सोडून कुठं जावं?" त्यावर मी काय लिहिलं? "असं नको म्हणू गं." आणि पुढे जोडलेल्या हातांचं चित्र. या नागपूरच्या नोकरीसाठी, बँकेच्या परीक्षांसाठी तू किती वर्षं घासलीस ते मी पाहिलेलं आहे. आणि मी तुला हातांचं चित्र पाठवलं.

म्हणून हे लिहायला बसले. नाही म्हणून कळवायच्या आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. मध्येच फेकून द्यावंसं वाटेल, तरी वाच.

माझ्या त्या उपासाबद्दल तुला अर्धवट माहिती आहे. गुडघे दुखायला लागले, त्यात डॉक्टरांनी साखर काठावर आहे म्हणून सांगितलं, तेव्हा सुरू केला. सोळा तास पोटात काही नाही, दुपारी एक ते रात्री नऊ काय ते खायचं, सकाळी तासभर व्यायाम. नितेशने विचारलं, "हा कोणत्या देवाचा उपास?" मी म्हटलं, "वजनकाट्याचा." पहिले पंधरा दिवस मी घरात सगळ्यांवर डाफरत होते. मग अंगाला सवय झाली. चौदा किलो उतरलं, गुडघे थांबले, साखरही खाली आली. फायदा झाला हे खोटं नाही. फोनमध्ये त्याचं एक ॲप असतं. त्यात गोल भरत जातो, पूर्ण भरला की चांदण्या पडतात, आणि किती दिवस खंड पडला नाही ते दिसतं. गणपतीत मोदक समोर असताना मी खंड पडू दिला नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणालाही नाही, तिथे एकनंतरच्या पंगतीला बसले. मला त्या आकड्याचा गर्व झाला होता. दुसरा शब्द नाही.

श्रावणात काकूच्या वर्षश्राद्धाला आले होते तेव्हाचं तुला आठवतं? बाया मला घेरून "पौर्णिमा, किती बारीक झाली वं तू, काय करते?" विचारत होत्या, आणि मी काकूच्या फोटोपुढे उभी राहून त्यांना ब्लाउज किती सैल झालाय ते दाखवत होते. त्याच सकाळी काका माझ्यासाठी पोह्यांची बशी घेऊन आले होते. मी म्हटलं, "काका, मला एकच्या आत चालत नाही." ते म्हणाले, "काहून माय, तब्येत बरी नाही का?" मी हसून समजावलं. त्यांना काही पटलं नाही. ती बशी घेऊन ते थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग आत गेले. त्यांचा तो चेहरा मला पुन्हा पाहायचा नव्हता.

अविधवा नवमीला तू मला सवाष्ण म्हणून बोलावलंस. वर्षश्राद्धानंतरची पहिलीच नवमी, काकूच्या नावाने जेवायला बसायचं, आणि तू फोनवर म्हणालीस, "बाबा म्हणतात, आईच्या ताटावर पौर्णिमाच पाहिजे, दुसरी कोणी नको." कॉलेजची तीन वर्षं मी त्या घरात राहिले. प्रॅक्टिकल संपवून संध्याकाळ करून यायचे, आणि काकू माझ्यासाठी जेवायची थांबलेली असायची. मी ओरडायचे तिच्यावर. ती म्हणायची, "पोरगी उपाशी आन् मी जेवू?" तिच्या नावाने मला बोलावलं, याचा मला किती मान वाटला होता ते तुला सांगता येणार नाही. तू म्हणालीस, अकराला ये. मी हो म्हटलं. त्या वेळी मला एक वाजण्याची आठवणसुद्धा झाली नाही. ती झाली सकाळी, बसमध्ये बसल्यावर.

बस वेळेवर होती, आचल.

वाटेत बोरगाव मंजूला ट्रक आडवा झालेला नव्हता. तो मी केला. तुझा पहिला फोन आला, "ताई, कुठवर आली तू? पुरण थंडं होऊन राहिलं न," तेव्हा मी तुमच्या डाबकी रोडच्या कोपऱ्यावर, मारुतीच्या देवळाच्या पारावर बसले होते. तिथून तुमच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते. ऑटोतून उतरले तेव्हा अकरा व्हायचे होते. म्हटलं, आत गेले की पाट मांडणार, ताट वाढणार. ताटावर बसून "थांबा, एक वाजू दे" म्हणायची माझी हिंमत नव्हती. काकांना पुन्हा तेच ऐकवायचं नव्हतं. आणि त्या दिवशी जेवून टाकावं, एक दिवस मोडला तर मोडला, हेही माझ्याच्याने होईना. इतकी साधी गोष्ट होती. घरात यायचं, पाटावर बसायचं आणि जेवायचं. त्याऐवजी मी पारावर बसून तुला ट्रकची गोष्ट सांगितली. नंतर तुझा दुसरा फोन आला, तेव्हा त्या ट्रकमागे लागलेली गाड्यांची रांगही सांगितली. तुझ्या आत्या अजून त्या ट्रकवाल्याला शिव्या देतात म्हणे.

दुसऱ्या फोनवर तू म्हणालीस, "बाबांनी सकाळचं इंजेक्शन घेतलं आहे न ताई. काही खायला तयार नाहीत. म्हणतात, सवाष्ण जेवल्याशिवाय नाही." हे तू मला सांगितलं होतंस. तू विसरली असशील, मी विसरले नाही. आणि इंजेक्शन म्हणजे काय हे मला कोणी सांगायला नको होतं. काकांनी सुई टोचली की अर्ध्या तासात काकू त्यांचं ताट वाढायची, हे मी तीन वर्षं रोज पाहिलं आहे. मी तुला म्हटलं, "त्यांना दोन बिस्किटं तरी दे, मी आलेच." "आलेच" म्हणून मी पुन्हा फोनमधला गोल बघत बसले. अर्धा तास राहिला होता.

तू त्यांच्यापुढे बिस्किटं ठेवली होतीस. त्यांनी हात लावला नाही. डॉक्टरांना तू हे सांगितलंस, आत्यांना सांगितलंस, फक्त स्वतःला सांगत नाहीस.

एकला मी दारात आले. काका माझ्या पायांवर पाणी घालायला तांब्या घेऊन उठले. त्यांचा चेहरा घामाने भिजला होता, हात कापत होते. मला दिसलं ते. मी "काका, बसा" म्हणेपर्यंत ते उंबऱ्याशी कोसळले. तांब्यातलं सगळं पाणी माझ्या पायांवर सांडलं. पुढचं तुला माहीतच आहे. साखर चढवली, शुद्ध आली, पण खुबा मोडला होता.

आणखी एक लिहायचं आहे. ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहून उपयोग नाही. दवाखान्यात तू फॉर्म भरायला गेली होतीस. मी बाकावर बसले होते, सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं. फोन वाजला म्हणून पाहिलं तर ॲपमध्ये चांदण्या पडत होत्या, आजवरचा सगळ्यात मोठा उपास म्हणून. आणि मला बरं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं.

आता काकांचं. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी तू औषधं आणायला खाली गेलीस, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, "मीनं तुले पायलं होतं माय. आचल विड्याची पानं विसरली, मी आणाले गेलो होतो. तू पारावर बसली होती, मान खाली घालून."

मी उगाच त्यांची चादर सारखी करायला लागले. ते बोलतच होते.

"मले वाटलं, रुख्मिणीची याद आली असन. तिच्याबिना घरात पाय टाकवत नसन पोरीले. म्हटलं, रडू दे मोकयं. हाक मारली असती तं डोये पुसून उठली असती तू. मंग मी तसाच परत आलो. आचललेबी नाही सांगतलं."

मी फोनमध्ये बघत होते, आचल. मान त्याच्यासाठी खाली होती. आणि काका माझ्या रडण्याचा मान राखत घरी जाऊन उपाशी बसले. तू फोन लावत होतीस, मी ट्रक सांगत होते, आणि त्यांना ठाऊक होतं की मी दोनशे पावलांवर आहे. ते गप्प राहिले. तुझ्यासमोर मी खोटी पडू नये म्हणून.

मी त्यांना तेव्हाच सांगायला हवं होतं. मी मान हलवली. हो, काकूचीच आठवण आली होती, असं मी म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि उशाजवळची पिशवी दिली. "ओटी राहून गेली तुयी. रुख्मिणीच्या नावाची हाये, नेसजो." मी ती घेतली. तू वर आलीस तेव्हा तुला वाटलं, काकांच्या दुखण्याने मी रडते आहे, आणि तू मला पाणी दिलंस.

सर्वपित्रीला तू पुन्हा सगळा स्वयंपाक केलास, मला पुन्हा बोलावलंस. मी बरं नाही म्हणून कळवलं. शेजारच्या वहिनी जेवून गेल्या, असं काका म्हणाले. सांगताना त्यांचा आवाज उतरला होता.

काल नितेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आधी त्या पोरीला सांग." उपास सोडला का, असं तू विचारशील. व्यायाम चालू आहे, उपासही आहे, कारण साखर माझीही काठावरच आहे. ॲप काढून टाकलं. हे सांगून मी फार मोठं काही केलं असं म्हणत नाही.

तू काही विसरली नाहीस. तुझ्याकडून काही चुकलं नाही. आत्या काही म्हणाल्या तर त्यांना हे पत्र दाखव, माझी लाज राखायची गरज नाही. नागपूरला हो म्हण. काकांची काळजी असेल तर मी येते, महिना, दोन महिने, तू म्हणशील तितके. नितेश इकडचं बघेल. इंजेक्शन मी देईन आणि ताटही मीच वाढीन. आता माझ्या हाती त्यांना सोपवायचं की नाही, हे तू ठरव. नाही म्हणालीस तरी नागपूरला मात्र जा.

आणि हे पत्र काकांना वाचून दाखव. मी फोनवर सुरुवात केली की ते विचारतात, "जेवली का माय?" आणि माझं तोंड मिटतं. तुलाच वाचावं लागेल, त्याबद्दलही तुझी माफी मागते. पारावरचं वाचताना थांबू नकोस, त्यांना ते ऐकू दे.

साडी त्यांच्याच हातात दे. घडी मोडलेली नाही. जेवल्याशिवाय घेतलेली ओटी आहे, ती माझी नाही. ऐकून झाल्यावर त्यांना ती शेजारच्या वहिनींना द्यावीशी वाटली तर देऊ दे, मी विचारणार नाही. पण त्यांनी माझं नाव काढलं आणि नेहमीसारखं विचारलं, जेवली का ती, तर त्यांना खरं सांग. म्हणावं, नाही. आईच्या ताटावर ती अजून जेवायची आहे.

ताई म्हणावंसं वाटलं तर तुझी ताई,
पौर्णिमा