ल्यूशियसच्या हातातलं पिस्तूल

लॉस एंजेलिस,
११ मार्च १९९४

सेड्रिक,

'प्रिय' लिहायला हात उठत नाही, तेव्हा तेवढं गाळलंय. तू मजेत असशीलच. इकडे आईचे गुडघे दुखतात, पण रविवारचं चर्च चुकत नाही.

तुझी पटकथा वाचली. वा रे लेखक! माझा भाऊ ल्यूशियस अकरा वर्षं शहरात बस चालवत होता. पोलिसांनी गोळी घातली तेव्हाही अंगावर गणवेश होता आणि हातात जेवणाचा डबा. तू त्याचं नाव तेवढं ठेवलंस. बस काढलीस, डबा काढलास, हातात पिस्तूल दिलंस आणि गर्द विकायला कोपऱ्यावर उभा केलास. वर फोनवर मला सांगतोस, "ऑर्विल, बस चालवणाऱ्या काळ्या माणसाचा सिनेमा कोण काढणार? स्टुडिओवाल्यांना हेच हवंय." अरे नालायका, त्याच्याच बसमधून फुकट कॉलेजला जायचास ना?

गोऱ्यांनी आपल्याला चोर, गुंड दाखवायचं याची सवय झालीय. पण तू तर त्याच्या शवपेटीला खांदा दिला होतास.

बरं, शिव्या पुरे. ल्यूशियसच्या भूमिकेसाठी चाचणी द्यायला मीही गेलो होतो. दिग्दर्शक म्हणाला, "जरा रांगडं होऊ दे. तुमच्या वस्तीत बोलतात तसं." आपला ल्यूशियस म्हाताऱ्या बायकांना हात देऊन बसमध्ये चढवायचा, कधी कुणाला अरे-तुरे केलं नाही. तरी मी आवाज चढवला, आईवरून शिवी हासडली. ते टाळ्या वाजवायला लागले. दोन वर्षं काम नव्हतं रे. मी सही केली.

आईने पहिल्या खेळासाठी नवी हॅट आणली होती. चर्चभर सांगत सुटली होती, "माझ्या पोरावर सिनेमा निघतोय!" काल मला राहवेना, सगळं सांगून टाकलं. तिने माझ्या हातातले पटकथेचे कागद काढून घेतले आणि म्हणाली, "सेड्रिकला कळव. रविवारी चर्चनंतर दोघंही माझ्यासमोर बसा आणि मोठ्याने वाचा. माझा ल्यूशियस कसा बोलायचा, ते मलाही कळू दे."

हातापाया पडलो, ऐकत नाही.

तेव्हा रविवारी एक वाजता ये. ल्यूशियसचं मी वाचेन. सिनेमातल्या त्याच्या आईचं तू वाच, खऱ्या आईच्या तोंडावर. तीही तूच लिहिलीयस.

तिचा उरलेला मुलगा,
ऑर्विल