विहिरीजवळची शिराझ

मी, प्रमिला नत्थुजी गावंडे, वय एकाहत्तर, सेवानिवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार अमरावती, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण रागात (दोन्ही एकत्र असू शकतात, डॉक्टरांना विचारा), कॉन्व्हेंटमध्ये घोटून घेतलेल्या अक्षरात, कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. माझ्यामागे यावरून भांडण नको. भांडायचे ते मी भांडून झाले आहे.

१. अमरावतीचे राहते घर धाकटा भाऊ उत्तमराव याला. भिंतीवरचा जगाचा नकाशा वगळून. "हा रद्दीत देऊ काय?" असे त्याने विचारले होते.

२. माझ्या वाट्याचे तिवशाचे शेत, संत्र्यासह, त्यालाच. मात्र विहिरीलगतची पट्टी आणि तिथली शिराझ द्राक्षाची वेल त्याची नात आचल हिला. कारण देणे बंधनकारक नसेल. मी देणार आहे.

आयुष्यभर मी मुलींना लिहून दिले: भूमध्यसागरी हवामान, कोरडा उन्हाळा, ओला हिवाळा, द्राक्षे, ऑलिव्ह. पाहिले काहीच नव्हते. जीवशास्त्र शिकवणारी नीलम तायडे, मूळची अकोल्याची, मधल्या सुट्टीत माझ्यासोबत नकाशातल्या फ्रान्सपुढे उभी राहायची. कॅबर्ने बोर्दोच्या खडीत, शेनिन ब्लां लॉआरच्या काठी, शिराझ रोनच्या दगडी उतारावर. थेंबही न चाखता आम्ही वाइनच्या द्राक्षांची नावे त्यांच्या गावांसह पाठ केली. आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात, तिला झोप नाही. तिकडे ती पाने टाकून हिवाळाभर निजते. ती निजलेली वेल पाहायला निवृत्तीनंतर जायचे ठरले होते. तोवर धीर धरवेना, म्हणून नाशिकहून रोपे आणून काळ्या मातीत तीन ओळी लावल्या.

उत्तमराव बांधावर येऊन म्हणाला, "बाई, दारूचे झाडं काहून लावून राहिली? लोकायले काय सांगू?"

"सांग, बहीण भूगोल लावून राहिली."

वरातीत गाडीच्या मागे उभा राहून हा काय पितो, ते लोकांना मी सांगितलेले नाही.

नीलमचा पासपोर्ट आला आणि त्याच महिन्यात नीलम गेली. तिच्या घरच्यांनी दिलेली मूठभर राख मी विहिरीजवळच्या शिराझच्या मुळाशी घातली.

पुढच्या वर्षी मी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी अकोल्यात पडून होते. नुकतीच एप्रिलची छाटणी झालेली, कोवळ्या फुटीला पाणी हवे. या गृहस्थाने पाणी तोडले. मृग बहरासाठी संत्र्याला ताण देतात, तसा माझ्या वेलींनाही दिला. वर मलाच विचारतो, "ताण देल्याबिगर संत्र्याले फूल येते काय? मंग याले काहून नाही?" त्याला वाटले, बहिणीवर उपकारच केला.

तिन्ही ओळी वाळल्या. वाचली ती एकटी शिराझ, कारण गुरांच्या टाक्यासाठी चालणाऱ्या पंपाचा पाइप तिच्यापाशी गळत होता. तो दुरुस्त कर म्हणून मी उत्तमरावच्या मागे लागून थकले होते. त्याच्या आळसाची मी ऋणी आहे. त्याच्या काळजीला क्षमा नाही.

३. तो पाइप कोणीही दुरुस्त करू नये.

४. बँकेतील ठेवी आचलला, तिच्या रोनच्या प्रवासासाठी. जानेवारीतच जावे. "एकटी पोरगी कशी जाईन?" असे उत्तमरावने म्हणू नये. नकाशावर त्याला रोन नदी सापडली, तर त्याने खुशाल सोबत जावे, स्वतःच्या खर्चाने. नकाशा आचलकडे असेल.

५. माझी राख नदीत सोडू नये. त्याच शिराझच्या मुळाशी घालावी.

६. परत आल्यावर आचलने त्या वेलीजवळ बसून सगळे सांगावे: निजलेली वेल कशी दिसते, दगड कोणत्या रंगाचे, हात लावल्यावर खोड गार लागते का. लोक हसतील, हसू द्यावे. मात्र मोठ्याने सांगावे. नीलमला शेवटी शेवटी कमी ऐकू यायचे.

ठिकाण: अमरावती
दिनांक: ९ एप्रिल २०२४

(सही) प्रमिला नत्थुजी गावंडे

बाईंनी हे आमच्यासमोर वाचून सही केली. त्या शुद्धीत आहेत. रागातही आहेत.

साक्षीदार:
१. (सही) डॉ. वर्षाली ढोरे, अमरावती
२. (सही) किशोर इंगळे, तिवसा