कवितेचा छंद

रविवार संध्याकाळ, बर्मिंगहॅम

अजून डोकं तापलेलंच आहे. निकोसला इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला नेलं, ही माझीच हौस. ऑफिसात माझ्या शेजारच्या डेस्कवर तो पुलांची डिझाइन्स करतो, पण तिकडे ग्रीसमध्ये त्याच्या कवितांची पुस्तकं निघालीत. एक कविता मी मराठीत केली होती. आधी तो ग्रीकमध्ये वाचणार, मागोमाग मी मराठीत, असं ठरलं होतं.

मंडळाच्या अध्यक्ष सुलभाताईंनी त्याची ओळख काय करून दिली? "हे इंजिनियर आहेत, आणि त्यांना कवितेचा छंद आहे." छंद. जसा कुणाला स्टॅम्प जमवायचा असतो. निकोसने हळूच विचारलं, छंद म्हणजे काय? हॉबी, मी म्हणाले. कवितेच्या वृत्तालाही आम्ही छंदच म्हणतो, हे सांगायचं राहूनच गेलं.

निकोसचं वाचन अर्ध्यावर असताना सुलभाताई माईकपाशी आल्या. "अगं, आवरा ना आता, जेवण गार होतंय." झालं. टाळ्या, खुर्च्या सरकल्या. मग ताट घेऊन त्या निकोसकडे आल्या. वाटलं, सॉरी म्हणतील. तर विचारतात काय, किचनमधली भिंत पाडली तर वरची बेडरूम खाली येईल का?

आणि हा म्हणतो, शनिवारी येऊन बघतो.

कारमध्ये मी भडकले. कशाला जातोस? लोकांच्या भिंती बघायचा छंद आहे का तुला?

"जाऊ दे," तो म्हणाला. "भिंतीबद्दल तरी माझं शेवटपर्यंत ऐकून घेतील."