विहिरीवरच्या सात पऱ्या

शुक्रवार, दिवेलागण. काशीद.

काही केल्या जिवाला स्वस्थता नाही. परवा लेकीच्या जुन्या बाहुल्यांना जाळीच्या कापडाचे पंख शिवले, पऱ्या केल्या आणि वाडीतल्या विहिरीच्या कठड्यावर मांडल्या. उद्या नात येणार, तिला गंमत म्हणून. माळ्यावर सात सापडल्या, म्हणून सात. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही.

आज फुलं काढायला गेले तर निळ्या परीच्या कपाळाला हळदकुंकू. तीच ती, जिचा एक डोळा मिटत नाही. पुढ्यात खण-नारळ. शेजारच्या वनितावहिनी हात जोडून उभ्या.

"ताई, साती आसरा बसवल्यात, सांगितलं पण न्हाय? सुनेला दिवस गेलेत. मागं दोनदा राहिलं न्हाय. ह्या खेपेला यांच्यावरच भार टाकलाय."

साती आसरा! पाण्यातल्या देवी! तिथेच सांगायला हवं होतं की अहो, प्लास्टिकच्या बाहुल्या आहेत. पण सांगितलं आणि पुढे काही बिनसलं तर? नाही सांगितलं आणि तरी बिनसलं तर?

त्यात मघाशी नातीचा फोन. "आजी, निळी परी मी घरी नेणार हं." मी हो म्हणून बसले.

आत्ता ती उचलून आणायलाच गेले होते. तो डोळा टक्क उघडा. हात पुढे केला आणि लक्षात आलं, चपला मी मागे विहिरीच्या पायरीशीच काढून आलेय.